टाचेवरचा काळा डाग आणि २.६ मिलिमीटर

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"डॉक्टर मॅडम, माझी आई ६१ वर्षांची आहे. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. दीडेक वर्षापासून तिच्या डाव्या टाचेवर काळा डाग आहे. कुरूप असेल म्हणून तिने आधी बिब्बा लावला, मग मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावल्या. तीन महिन्यांपूर्वी डागाच्या मधोमध जखम झाली, ती काही भरेना. सर्जननी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टात आलंय: 'ॲक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा, ब्रेस्लो जाडी २.६ मिमी, अल्सरेशन आहे.' माझा दादा मेलबर्नला असतो. तो म्हणतो, तिकडे मेलॅनोमा गल्लोगल्ली असतो, घाबरू नका. त्याच्या शेजारच्या गोऱ्या बाईंना 'सुपरफिशियल स्प्रेडिंग' प्रकार झाला होता, तासाभरात काढला, सात वर्षं झाली, त्या ठणठणीत आहेत. मी नेटवर वाचलं तर आईचा प्रकार सगळ्यात वाईट असं दिसतं. मावशी म्हणते, चाकू लावलात, आता पसरणार. यातलं खरं काय? आईला आम्ही 'साधी गाठ आहे' एवढंच सांगितलंय. तिला सांगावं का? – अ. म."

प्रिय अ. म.,

रिपोर्टातली ओळ तुम्ही जशीच्या तशी उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत. तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या एका ओळीत आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंटचा चेहरा मला सहसा दिसत नाही, काचेवरचा तुकडा दिसतो. तेव्हा मी सांगणार ते त्या तुकड्याच्या बाजूने. पुढचा निर्णय आईंचा पाय प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच घेतील.

आधी मावशींचं, कारण घरात या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. तुकडा काढल्याने मेलॅनोमा पसरत नाही. आधी तुकडा काढून मग ऑपरेशन झालेले रुग्ण आणि एकदाच सगळा डाग काढलेले रुग्ण यांची तुलना झाली आहे. जगण्याच्या बाबतीत त्यांच्यात फरक सापडलेला नाही. तरी ही समजूत गावोगाव टिकून आहे, त्याचं कारण मला समजतं. आपल्याकडे माणूस दवाखान्यात येतो तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. तुकडा काढला जातो, पुढच्या तपासण्या होतात आणि गाठ आधीच सरकली होती हे तेव्हा उघड होतं. घरच्यांच्या डोळ्यांना क्रम एवढाच दिसतो: चाकू लागला, मग पसरलं. मावशींना हे शांतपणे सांगा. त्या काळजीपोटीच बोलतायत.

आता दादांचं. शेजारच्या बाईंबद्दल ते सांगतात ते खरं असणार. चूक एवढीच की मेलॅनोमा हे एका कुळाचं नाव आहे आणि त्या कुळातली माणसं स्वभावाने वेगवेगळी आहेत.

आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. त्या बिघडून वाढू लागल्या की मेलॅनोमा होतो. वाढ दोन तऱ्हेने होते. कागदावर तेलाचा थेंब पडावा तशी आडवी, कातडीच्या वरच्या थरातच पसरणारी. किंवा खाली मुळी सोडावी तशी उभी. आडव्या वाढीत धोका कमी, कारण त्या थरात रक्तवाहिन्या नसतात आणि पेशींना बाहेर जायला वाट नसते. खाली उतरल्या की वाट सापडते. १९६९ मध्ये वॉलेस क्लार्क या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने मेलॅनोमाचे प्रकार पाडले ते याच वाढीच्या तऱ्हा बघून. तळपायाचा प्रकार त्या यादीत नंतर, सत्तरच्या दशकात आला.

मेलबर्नच्या बाईंचा सुपरफिशियल स्प्रेडिंग हा गोऱ्या लोकांमधला सगळ्यात नेहमीचा प्रकार. त्यांच्यातले साधारण १०० पैकी ७० मेलॅनोमा या जातीचे. बायकांच्या पोटऱ्यांवर आणि पुरुषांच्या पाठीवर जास्त. तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं आडवाच पसरत राहतो. कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात तपकिरी, काळा, कधी लालसर रंग. तिथले लोक आणि डॉक्टर असे डाग शोधायला सरावलेले आहेत, त्यामुळे तो पातळ असतानाच पकडला जातो आणि बरा होतो. त्या बाईंचा डाग तासाभरात निघाला याचा अर्थ तो बहुधा एक मिलिमीटरहून कमी जाडीचा होता. प्रकाराच्या नावापेक्षा त्या जाडीने त्यांना वाचवलं.

दादांना आणखी एक सांगा, म्हणजे 'मेलॅनोमा म्हणजे किरकोळ' हा त्यांचा समज जाईल. ते राहतात त्या व्हिक्टोरिया राज्यातच एक अभ्यास झाला होता. तिथल्या खाली उतरलेल्या मेलॅनोमांपैकी नोड्युलर नावाचा प्रकार फक्त १४ टक्के, पण मेलॅनोमाच्या मृत्यूंमध्ये त्याचा वाटा ४३ टक्के. नोड्युलर आडवा पसरतच नाही, सुरुवातच उभ्या वाढीने करतो. तीळ ओळखायचे जे नेहमीचे नियम लोकांना शिकवतात, दोन बाजू सारख्या नाहीत, कडा अनियमित, रंग अनेक, त्यातलं याला बऱ्याचदा काहीच लागू पडत नाही. हा गोल, नीटस, एका रंगाचा, घट्ट फोडासारखा असतो. कधी काळाही नसतो, गुलाबी असतो; लोक त्याला पुळी समजतात. उंचावलेला, हाताला कडक लागणारा आणि महिनाभरात डोळ्यांदेखत वाढलेला फोड दिसला तर थांबायचं नाही, मग तो कुठल्याही रंगाचा असो.

आणखी एक प्रकार लेंटिगो मॅलिग्ना. आयुष्यभर ऊन खाल्लेल्या गोऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गालावर, नाकावर चट्ट्यासारखा येतो आणि दहा-दहा वर्षं वरच्या थरातच रेंगाळतो. आपल्याकडे तो क्वचित, म्हणून यावर जास्त थांबत नाही.

आता आईंचा प्रकार, ॲक्रल लेंटिजिनस, म्हणजे तळपाय, तळहात आणि नखांखालचा. भारतात मेलॅनोमा मुळात कमी. वर्षाला एक लाख माणसांत एकही भरत नाही. आपल्या कातडीतला रंग उन्हापासून राखण करतो. पण तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा इथे रंगही कमी आणि ऊनही पोचत नाही. तिथे होणारा मेलॅनोमा उन्हाने होत नाही, त्यामुळे काळ्या-सावळ्या कातडीचं संरक्षण त्याच्यापुढे चालत नाही. तो गोऱ्यांनाही साधारण तितकाच होतो, पण त्यांच्या बाकीच्या मेलॅनोमांच्या गर्दीत त्याचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत राहतो. आपल्यात बाकीचे प्रकार दुर्मीळ, म्हणून मेलॅनोमा झालाच तर तो टाचेवर किंवा अंगठ्याच्या नखाखाली असण्याची शक्यता खूप. ज्या जागी शरीराचा भार जास्त पडतो तिथे तो जास्त येतो असंही दिसलंय, टाच त्यात पुढे.

आईंनी कुरूप समजून बिब्बा लावला याबद्दल त्यांना किंवा स्वतःला बोल लावू नका. माझ्याकडे टाचेचे तुकडे येतात तेव्हा सोबतच्या फॉर्मवर डॉक्टरांनीच 'कुरूप?' किंवा 'न भरणारी जखम' असं लिहिलेलं असतं. शेतात राबणाऱ्या बाईच्या टाचेला भेगा असतात, माती मुरलेली असते, काटे मोडलेले असतात. त्यात एक काळा डाग वेगळा कसा ओळखावा? कुरूप सोलून काढलं की आत काळं निघत नाही, हा काळा आत आत जातो आणि कडेला शाई फुटल्यासारखा फिकट पसरतो. पण हे माहीत असलेल्यालाच दिसतं.

बिब्ब्याबद्दल मात्र एक महत्त्वाचं काम तुमच्याकडे आहे, ते पुढे सांगते.

'सगळ्यात वाईट प्रकार' हे तुम्ही वाचलंत, ते कुठून येतं तेही बघू. अमेरिकेच्या कॅन्सर नोंदींतून १९८६ ते २००५ या काळातले ॲक्रल लेंटिजिनस रुग्ण तपासले गेले. पाच वर्षांनी मेलॅनोमाने दगावले नव्हते असे ८०.३ टक्के, दहा वर्षांनी ६७.५ टक्के. कातडीचे सगळे मेलॅनोमा एकत्र धरले तर हेच आकडे ९१.३ आणि ८७.५. म्हणजे फरक आहे, खोटं नाही. पण या फरकाचा मोठा भाग उशिराचा आहे. तळपाय कोण रोज बघतं? सापडतो तेव्हा तो जाड झालेला असतो. सारख्या जाडीचे रुग्ण शेजारी ठेवले की दोन प्रकारांतली दरी बरीच कमी होते. उरलेला थोडा फरक प्रकाराच्या स्वभावाचा, त्यावरही येते. तोवर एवढं धरा की पाच वर्षांनी दहातले आठ, हा आकडा उशिरा आलेल्यांना धरून आहे.

म्हणून मी कुठल्याही रिपोर्टात प्रकाराच्या नावाआधी मिलिमीटर वाचते. ही जाडी कशी मोजतात ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण आईंच्या बाबतीत त्यात दोन बारकावे आहेत.

टाचेचा तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढतात, रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली टाचेची कातडी इतर कातडीसारखी दिसत नाही. वर मृत पेशींचा जाड गुलाबी थर, शेणाने सारवत गेलेल्या भिंतीसारखा पापुद्र्यावर पापुद्रा. तो थर मोजायचा नाही. त्याच्या खाली निळसर दाण्यांनी भरलेल्या पेशींची एक ओळ असते, तिथे भिंगातल्या पट्टीचा शून्य ठेवायचा आणि गाठीची सगळ्यात खोलवर पोचलेली पेशी शोधून तिथपर्यंत सरळ अंतर घ्यायचं. अलेक्झांडर ब्रेस्लो या वॉशिंग्टनच्या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवून दिलं की पेशंटचं पुढे काय होणार हे या साध्या मापावरून चांगलं सांगता येतं. पन्नास वर्षांत कितीतरी तपासण्या आल्या, हे माप अजून पहिल्या जागेवर आहे.

आता बारकावे. एक, आईंचा पूर्ण डाग काढलेला नाही, छोटा तुकडा काढलाय. डागाची सगळ्यात जाड जागा नेमकी त्या तुकड्यात आली असेलच असं नाही. शिवाय जिथे व्रण (रिपोर्टातलं अल्सरेशन, म्हणजे उघडी जखम) असतो तिथे वरची ओळ नाहीशी झालेली असते, मग व्रणाच्या तळापासून मोजावं लागतं आणि आकडा कमी भरतो. त्यामुळे २.६ हा 'कमीत कमी इतका' असा आकडा समजा. पूर्ण ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात तो वाढला तर या महिन्यात आजार वाढला असा अर्थ लावून खचू नका.

दोन, 'अल्सरेशन आहे' या शब्दांना वजन फार. गाठीने आपणहून वरची कातडी खाल्ली असेल तर तो वाईट संकेत मानतात आणि टप्पा वर सरकतो. पण बिब्ब्याने कातडी भाजते आणि कॉर्न कॅपमधलं सॅलिसिलिक ॲसिड कातडी सोलतं. त्या जखमेला गाठीचा व्रण म्हणत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत फरक करायचा प्रयत्न आम्ही करतो, पण आधी काय लावलं होतं हे कुणी सांगितलंच नाही तर शोधणार कसं? तेव्हा काय लावलं, कधी लावलं, शेवटचं केव्हा लावलं हे एका कागदावर लिहा आणि सर्जनना द्या, पुढच्या तपासणीच्या फॉर्मवर ते यायलाच हवं. दीड वर्षात जखम फक्त शेवटच्या तीन महिन्यांतली आहे हेही लिहा. तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या आजारात बिब्ब्याचं काय घेऊन बसलात. पण टप्पा ठरताना ही ओळ खरंच उपयोगी पडते.

सध्याच्या माहितीवर, म्हणजे २ ते ४ मिमीच्या मधे आणि व्रण धरून, गाठ टाचेपुरतीच असेल तर हा दुसऱ्या टप्प्यातला मधला भाग. आंतरराष्ट्रीय नोंदींत या गटातले पाच वर्षांनी ८७ टक्के मेलॅनोमाने गेलेले नव्हते. त्या नोंदी मुख्यतः गोऱ्या रुग्णांच्या आहेत, म्हणून आईंसाठी मी त्याहून थोडा कमी अंदाज धरीन. पण हा टप्पा बऱ्या होण्याच्या आशेचा आहे.

सगळा भरवसा 'टाचेपुरतीच असेल तर' या शब्दांवर आहे आणि तेच अजून तपासलेलं नाही. पायाला काही लागलं, पिकलं, की जांघेत अवधाण येतं हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असेल. टाचेतली वाट मुख्यतः जांघेत जाते. मेलॅनोमाच्या पेशीही त्याच वाटेने जातात, फक्त त्या गेल्या की ताप येत नाही, दुखत नाही, सुरुवातीला हाताला काही लागतही नाही. म्हणून या जाडीच्या गाठीत ऑपरेशनच्या वेळीच जांघेतली पहिली गाठ (ही कॅन्सरची गाठ नव्हे, शरीरातलीच लसिकाग्रंथी) शोधून काढतात, तिला सेंटिनेल नोड म्हणतात. टाचेजवळ निळा रंग आणि किंचित किरणोत्सर्गी द्रव टोचतात, तो ज्या गाठीत आधी पोचतो ती पहिली. ती एक किंवा दोन गाठी काढून आम्ही बारकाईने बघतो. आधी सोनोग्राफीत संशयास्पद गाठ दिसली तर सुईनेच तपासून होतं.

सर्जनना पुढच्या भेटीत हे नक्की विचारा: सेंटिनेल नोड एकाच वेळी करणार ना? ही सोय सगळीकडे नसते. टाचेचं ऑपरेशन आधी उरकून मग हे करायचं ठरवलं तर वाटाच बदललेल्या असतात आणि नेमकी पहिली गाठ सापडणं अवघड होतं. कराडला जमत नसेल तर पुण्याला किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियलला आधी दाखवून घ्या. जाताना फक्त कागद नेऊ नका. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ठोकळे मागून न्या, ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मोठ्या केंद्रात ते पुन्हा बघतात आणि पुढच्या तपासण्याही त्याच ठोकळ्यांवर होतात. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात, त्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार दाखवून विचारा.

ऑपरेशनमध्ये पाय जाणार का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आलं असेल. टाचेवरच्या मेलॅनोमासाठी सहसा पाय काढावा लागत नाही. डागाच्या कडेपासून दोन सेंटिमीटर निरोगी कातडी धरून तेवढा भाग खोलवर काढतात. जागा उघडी पडते, तिथे पायाच्या कमानीतली कातडी रक्तवाहिनीसकट फिरवून बसवतात. कमानीवर भार पडत नाही, म्हणून तिथली उसनी घेता येते. काही आठवडे टाच टेकता येणार नाही. घरात आतापासून खुर्चीचं कमोड आणि धरायला आधार यांची व्यवस्था करा. यंदाच्या सुगीला आई शेतात नसतील हे धरून चाला.

मघाशी म्हटलं तो स्वभावाचा फरक औषधांत दिसतो. मेलबर्नच्या बाईंच्या प्रकारात जवळजवळ निम्म्या गाठींत ब्राफ नावाच्या जनुकात बदल असतो आणि त्यावर नेमक्या गोळ्या आहेत. टाचेच्या प्रकारात तो बदल बराच कमी सापडतो. त्याऐवजी काही जणांत किट नावाच्या जनुकात बिघाड असतो, त्यातल्या काहींना इमॅटिनिबचा उपयोग होतो. शरीराच्या प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणारी इंजेक्शनं, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब, यांनी गेल्या दहा वर्षांत मेलॅनोमाचं चित्र बदललं. ॲक्रलमध्येही ती चालतात, पण उन्हाने होणाऱ्या प्रकारांइतकी नाहीत. ती महागही फार आहेत. आईंना त्यांची गरज लागेल की नाही हे जांघेतल्या गाठीचा निकाल आल्यावर ठरेल. आजच त्यासाठी जमीन गहाण ठेवायचा विचार करू नका.

आणि घरातल्या सगळ्यांनी, मेलबर्नच्या दादांनीसुद्धा, एकदा उजेडात बसून आपापले तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखं बघावीत. आजार घराण्यात आहे म्हणून नव्हे, या प्रकाराला तसा वारसा सहसा नसतो. पण आता तुम्हाला बघायचं काय ते कळलंय. तळव्यावरचा पसरत चाललेला काळा डाग, किंवा एकाच नखातली रुंद होत जाणारी काळी रेघ, विशेषतः ती नखाच्या मुळाशी कातडीवर उतरली असेल तर, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायची.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सांगा. मला यात शंका वाटत नाही. ज्या बाईला टाच टेकायची नाही, जांघ दर महिन्याला चाचपून बघायची आहे, पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणीला यायचं आहे, तिला 'साधी गाठ' सांगून हे कसं करून घेणार? चार आठवड्यांत पाय जरा बरा वाटला की त्या चप्पल घालून शेतात जातील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. शिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांची असते. त्यांना बहुधा अंदाज आलेलाही असेल. साध्या गाठीसाठी मुलगा मेलबर्नहून रोज फोन करत नाही.

सगळं एकाच बैठकीत सांगायची गरज नाही, टक्केवारी तर मुळीच नको. घरी, मावशी नसताना, पाय बघता बघता सांगा: "आई, हे कुरूप नव्हतं. कातडीचा कॅन्सर आहे. काढता येतो. जांघेतली एक गाठ काढून तपासणार आहेत, मग पुढचं कळेल." आणि थांबा. त्यांना काय विचारायचंय ते विचारू द्या. बिब्ब्याचा विषय त्या स्वतःच काढतील, तेव्हा त्यांना सांगा की डॉक्टरसुद्धा फसतात.

ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आला की त्यातली जाडी, अल्सरेशनची ओळ आणि सेंटिनेल नोडचा निकाल एवढं उतरवून मला पाठवा. पुढच्या पत्रात आपण तिथून सुरुवात करू.